चौऱ्याण्णव टक्के लाज

आयुष्यात मला नव्वदच्या वर मार्क एकदाच पडले, आणि तेही लाजेत पडले.

दहावीला त्रेसष्ट, बारावीला एकोणसाठ, ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास, अशी माझी आजवरची वाटचाल. त्यामुळे कोलशेतच्या आमच्या कंपनीत ट्रेनिंगला आलेल्या निशिगंधा मॅडमनी चाळीस माणसांसमोर "सुदेश कोळवणकर, शंभरपैकी चौऱ्याण्णव!" असं जाहीर केलं तेव्हा क्षणभर मला अभिमानच वाटला. मग त्यांनी विषय सांगितला.

या कंपनीत मी व्हॉल्व्ह तपासतो. व्हॉल्व्ह गळतोय की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. या कामाला व्यक्तिमत्त्व लागत नाही, अशी माझी बावीस वर्षं समजूत होती. पण एचआरला यंदा वाटलं की लागतं. म्हणून साठ प्रश्नांची चाचणी झाली. नमुन्यादाखल एक प्रश्न सांगतो. 'पंगतीत वाढपी तुम्हाला वगळून पुढे गेला तर तुम्ही काय कराल? (अ) हाक मारू. (ब) शेजारच्याला सांगू. (क) आपल्याला भूक नव्हतीच अशी स्वतःची समजूत घालू.' मी 'क'वर खूण केली आणि हल्ली बुफे असल्यामुळे हा प्रसंग येत नाही, असं समासात बारीक अक्षरात लिहिलं. ती टीप मॅडमनी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली.

मॅडमचं म्हणणं असं की लाजेच्या बाबतीत माणसं चार प्रकारची असतात. पहिला प्रकार, काही करण्याआधीच लाजणारे. दुसरा, करून झाल्यावर लाजणारे. तिसरा, दुसऱ्याने केलं तरी स्वतः लाजणारे. आणि चौथा, न लाजणारे. सहसा माणूस एकाच प्रकारात बसतो. मी पहिल्या तिन्हींत बसलो. "उभे राहा सर. टाळ्या!" मॅडम म्हणाल्या. त्या टाळ्यांच्या वेळी जर पुन्हा चाचणी घेतली असती तर अठ्ठ्याण्णव पडले असते.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन घरचा अभ्यास दिला. सात दिवस, रोज एका अनोळखी माणसाला स्वतःहून स्वतःबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. एवढंच. यात अवघड काय, असं कोणालाही वाटेल. पण रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायची लाज वाटून मी दोनदा ठाकुर्लीत स्वतःच्या इमारतीवरून पुढे चोळेगावापर्यंत गेलेला माणूस आहे, हे लक्षात घ्यावं.

"हे मी तुला पंचवीस वर्षांपूर्वी फुकटात सांगितलं असतं," घरी आल्यावर बायको म्हणाली. हिचं नाव कल्पिता. ही दुसऱ्या प्रकारची. आधी बिनधास्त बोलते आणि मग रात्रभर कूस बदलत 'मी असं का बोलले' म्हणत राहते.

पहिल्या दिवशी मी भाजीवालीला सांगितलं की मला भेंडी आवडत नाही. ती म्हणाली, मग घेऊ नका. पहिला दिवस पार पडला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी मारुतीच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड चेन आणि पायात रबरी चप्पल अशा वेषात धाकूशेठ मढवी उभे होते. आमच्या पाचही इमारती ज्या जागेवर आहेत तिथे यांच्या वडिलांची भातशेती होती. म्हणजे आम्ही सगळे जवळजवळ यांच्या शेतातच राहतो. पण आमचा त्यांचा संबंध वर्षातून दोनदा येतो. त्यांच्याकडे हळद असली किंवा गणपती असले की आवाज कमी करा हे सांगायला आमच्या सोसायटीचं शिष्टमंडळ जातं. मी त्यात दरवेळी असतो. सगळ्यांत मागे, कोणाच्या तरी खांद्याआड.

घसा खाकरून मी म्हणालो, "येत्या रविवारी माझा वाढदिवस आहे. एक्कावन्नावा."

धाकूशेठनी ग्लास खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. "मना सांगतंस?"

"हो."

"मनाच?"

"हो."

"नाव काय तुजा?"

मी नाव सांगितलं, इमारत सांगितली आणि पळालो. अभ्यास नेमका एका गोष्टीचा होता, मी तीन सांगून बसलो. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

गुरुवारी सकाळी पुलाच्या तोंडाशी बॅनर लागला.

लांबी पंधरा फूट, उंची दहा. 'ठाकुर्लीची शान, गोरगरिबांचे कैवारी, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व मा. श्री. सुदेशभाऊ कोळवणकर (भाई) यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' मधोमध मी. म्हणजे मानेच्या वर मी. तो चेहरा आमच्या सोसायटीच्या पूजेतल्या फोटोतला होता. भटजी मंत्र म्हणत असताना मला शिंक आवरत नव्हती त्या वेळचा. मानेखाली दुसऱ्याच कोणा धिप्पाड गृहस्थाचं धड होतं, पांढरा कुडता, छातीवर चार पदरी सोनं, हात जोडलेले. जोडलेल्या हातांत आठ अंगठ्या मी मोजल्या. खालच्या रांगेत 'शुभेच्छुक' म्हणून काळे चष्मे घातलेली बारा तरुण मंडळी होती, आणि तेराव्या जागी, विनाचष्मा, आमचे सेक्रेटरी प्रफुल्ल.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. गेल्या वर्षी 'फलकबाजीने शहराचे विद्रूपीकरण' या विषयावर एका दैनिकात वाचकाचं एक खरमरीत पत्र छापून आलं होतं. 'स्वतःचे थोबाड चौकात टांगून घेण्याची ही हौस कोणत्या संस्कृतीत बसते?' असा त्यात सवाल होता. ते पत्र लॅमिनेट करून आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावलेलं आहे. खाली नाव आहे सुदेश कोळवणकर. लिहिताना मला लाज वाटत नाही, कारण लिहिताना समोर कोणी नसतं.

"अरे, धाकूशेठनी फोटो मागितला, मी दिला," प्रफुल्ल म्हणाला. हा चौथ्या प्रकारचा. "काढायचं नाव घेऊ नकोस हं. निवडणुकीचं वातावरण आहे, ह्याच झटक्यात आपली पाण्याची लाइन करून घेऊ. तू फक्त बोलू नकोस, नुसता उभा राहा. तुला तसंही बोलता येत नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या जयाकाकू तिसऱ्या प्रकारच्या. टीव्हीवर कोणी बेसूर गायलं तरी या उठून स्वयंपाकघरात जातात. "मी तर बाई खाली मान घालून गेले. येताना मागच्या रस्त्याने वळसा घेतला," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ते पत्र लिहिलं होतंत ना हो? काढून ठेवू का फलकावरून? की राहू दे?" हा प्रश्न त्यांनी तीन वेळा विचारला, आणि दर वेळी जिन्यात एक माणूस जास्त होता.

कल्पिताची अडचण निराळी होती. तिच्या आईचा डोंबिवलीहून फोन आला होता, की चार पदरी कधी केलीत, आणि आम्हाला दाखवलीही नाहीत.

खरं सांगायचं तर त्या दिवशी एक गोष्ट बरी घडली. संध्याकाळी रिक्षावाल्याने एकदा बॅनरकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "भाई, गेटपाशी सोडतो" म्हणत बरोबर गेटपाशी सोडलं. मी काहीही न बोलता. जिना चढताना मी जरा छाती काढून चढलो, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. पण दारात एक बाई वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या चाळीचं गटार तुंबलं होतं आणि गोरगरिबांचे कैवारी कुठे राहतात ते त्यांना वॉचमनने सांगितलं होतं. मी त्यांचा अर्ज लिहून दिला, दुसरं काही सुचेना म्हणून.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी प्रभाग कार्यालय गाठलं. धाकूशेठना 'काढा' म्हणायची माझी टाप नव्हती. परस्पर काढला गेला की प्रश्न मिटला, असा माझा हिशेब. खिडकीतले गृहस्थ मान वर न करता लिहीत होते.

"अनधिकृत बॅनरची तक्रार आहे," मी म्हणालो.

"फोटो कोणाचा आहे त्यावर?"

"माझा."

आता मान वर झाली. "मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"बॅनरविरुद्ध."

"बॅनरविरुद्ध नसते साहेब. माणसाविरुद्ध असते. ज्याचा फोटो, त्याला नोटीस. अर्जदार कोण?"

"मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून घेतलं. मग तिघांत चर्चा झाली. एकाचं मत, अर्जदार आणि गैरअर्जदार एकच असला तर अर्ज निकाली काढावा. दुसऱ्याचं मत, अर्जदाराने आधी गैरअर्जदाराशी सामोपचाराने बोलून बघावं. शेवटी असा मार्ग निघाला की बॅनर लावणारा वेगळा दाखवायचा. "कोणी लावला?" मला विचारलं. धाकूशेठचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी ग्लास खाली ठेवून "मनाच?" विचारलेलं आठवलं आणि मी म्हणालो, माहीत नाही. त्या रकान्यात 'अज्ञात इसम' असं लिहिलं गेलं.

"आता बॅनरचा ताजा फोटो लागेल. जागा, तारीख, वेळ दिसली पाहिजे."

म्हणजे भर दुपारी पुलाच्या तोंडाशी उभं राहून मी मोबाइल वर केला. पंधरा फुटांचा मी साडेपाच इंचांच्या पडद्यात मावेना. मागे सरकता सरकता एका तरुणावर आदळलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं.

"अरे, भाई तुम्हीच? सेल्फीत नाय येणार तो. द्या इकडे, मी काढतो. उभे ऱ्हा खाली."

"नाही, मला फक्त बॅनर—"

"लाजू नका ओ! थोडं डावीकडे. हां. हसा जरा. अजून. हात जोडा ना, वरच्यासारखे."

आणि मी हात जोडले. का, ते मला आजही सांगता येत नाही. कोणी जोरात सांगितलं की मी करतो. तोच फोटो अर्जाला लागला, कारण दुसरा काढायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

"होतं काय त्या अर्जांचं," माझ्या अर्जाचं कानावर गेल्यावर प्रफुल्ल रात्री आमच्या जेवणाच्या वेळी येऊन सांगून गेला. "आमचा पाण्याचा अर्ज सहा वर्षं पडून आहे. तोवर बॅनर उन्हाने पांढरा होईल."

शनिवारी सकाळी कल्पिताने मला चपला घालायला लावल्या. "तोंडाने सांग जाऊन. काका, मला हे आवडत नाही, काढून टाका. सात शब्द आहेत. पाठ कर." मी पाठ करत करत धाकूशेठच्या घरी गेलो. अंगणात मांडव घातलेला. बायजाकाकू, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्या उठल्याच.

"आला गो बाय, वारदिवसवाला आला! बस बस. उद्याला साठ मानसं हायेत. केक सांगलाय. तुला गोड चालता ना?"

धाकूशेठ आतून आले. मी तोंड उघडलं. "काका, मला हे—"

"थांब, आदी चाय घे." ते माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तीस वर्सं झाली या बिल्डिंगी बांधून. आमचे शेतावर. सगले येतात माझेकडं. आवाज बंद करा, गाडी काढा, कुत्रा बांधा. कोनी येऊन बोल्ला नाय, का धाकू, माझा आज ह्या हाय. लग्नाचा आवतन नाय, बारशाचा नाय. मना वाटायचा, यान्ला आमची लाज वाटतं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू पयला मानूस. सोताहून बोल्लास. म्हनून मोठा लावला."

मला त्यांना सांगावंसं वाटलं की अहो, तो अभ्यास होता, मला मॅडमनी दिलेला. तुमच्या जागी टपरीवर दुसरा कोणी असता तर त्याला सांगितलं असतं. पण ते सांगायलाही धीर लागतो. मी सातपैकी तीन शब्द बोलून, दोन कप चहा पिऊन परत आलो.

येताना धावतपळत प्रभाग कार्यालयात गेलो, अर्ज मागे घ्यायला. शनिवार. कुलूप.

रविवारी दहा वाजता पुलाच्या तोंडाशी, बॅनरच्या बरोबर खाली, टेबलावर केक मांडला होता. साठ कसले, शंभर तरी माणसं होती. काळ्या चष्म्यांची बारा मुलं, बायजाकाकू नऊवारीत, गटारवाल्या बाई, प्रफुल्ल पुढच्या रांगेत, जयाकाकू खांबाआड तोंड लपवून पण आलेल्या. मला फेटा बांधला होता. हातात सुरी होती. मी सुरी केकवर टेकवली आणि पालिकेची गाडी आली.

रविवारची खास मोहीम होती म्हणे. गाडीतून उतरलेले साहेब अगदी तरुण, उत्साही आणि मोठ्या आवाजाचे. त्यांनी फाइल उघडली.

"हा बॅनर काढायचा आहे. तक्रार आलेली आहे. आणि इतका स्पष्ट पुरावा असलेला अर्ज आम्हाला आजवर आलेला नाही, म्हणून पहिला हाच घेतला. अर्जदार सुदेश कोळवणकर कोण?"

साहेबांनी फोटो वर धरला. त्यात मी हात जोडून, हसत, बॅनरखाली उभा होतो.

"हेच ते. तक्रार यांनीच दिलेली आहे. हा बॅनर काढावा म्हणून."

शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. मला त्यांचं काही वाटलं नाही. मी फक्त धाकूशेठकडे पाहिलं. ते चिडले असते तर मला चाललं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण त्यांनी मान खाली घातली. आपल्या रबरी चपलेकडे बघत राहिले. त्या चौथ्या प्रकारच्या माणसाला, ज्याला कधी कशाची लाज वाटत नाही असं मी धरून चाललो होतो, त्याला माझ्यामुळे भर चौकात लाज वाटत होती. एक्कावन्न वर्षं मी जिला लाज समजत होतो ती नुसती भीती होती. खरी लाज मला त्या मिनिटाला वाटली, आणि ती फार वाईट वाटते.

"आता हे 'अज्ञात इसम' कोण?" साहेब म्हणाले. "बॅनर लावला कोणी? गुन्हा त्याच्यावर दाखल होईल."

धाकूशेठनी मान वर केली. "मी—" ते म्हणू लागले.

"मी लावला," मी म्हणालो.

इतका मोठा आवाज माझा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"तुम्ही?"

"हो. मीच. माझ्या वाढदिवसाचा बॅनर मीच लावला. हौस होती मला. फोटो बघा ना, हसतोय."

"आणि तक्रारही तुम्हीच केलीत?"

"केली. मग लाज वाटली."

साहेब बराच वेळ फाइलकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत होते. जयाकाकू खांबाआडून "अगं बाई" म्हणाल्या. प्रफुल्लने हळूच केकवरची चेरी उचलली. कल्पिता गर्दीतून पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "लिहून घ्या. असेच आहेत ते." मी अर्जदाराच्या जागी सही केली होतीच, आता खाली गैरअर्जदाराच्या जागीही केली. दंड होईल, नोटीस घरी येईल, असं सांगून साहेबांनी माणसांना शिडी लावायला लावली. माझे हात, माझ्या आठ अंगठ्या, माझं शिंक आवरणारं तोंड एकेक करून खाली आलं.

धाकूशेठ माझ्याजवळ आले. मी मान खाली घालून उभा. म्हटलं, आता जे बोलायचं ते बोला. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, केकचा एक भलामोठा तुकडा कापला आणि माझ्या तोंडात कोंबला. क्रीम फेट्यापर्यंत गेलं.

"आवडला नव्हता तं सांगाचा ना रं," ते हळू आवाजात म्हणाले. मग माझ्या दंडाला धरून त्यांनी मला लोकांकडे वळवलं. "जाऊ दे. पुढले साली बारका लावू. चालंल?"

तोंडात केक होता. समोर शंभर माणसं होती, पालिकेचे साहेब होते, शिडीवरचे दोघे थांबून ऐकत होते.

"चालेल," मी म्हणालो. कोणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा एकदा मोठ्याने म्हणालो.